आधी मडक्यात हात

संपादकबाईंचं पत्र आलं, ‘सेवेतले हृद्य अनुभव लिहून पाठवा.’ हृद्य म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे. नर्सबाई डोंगर चढून जातात, गाव अडाणी असतं, बाई शहाण्या असतात, आणि शेवटी म्हाताऱ्याकोताऱ्या त्यांच्यावरून कानशिलावर बोटं मोडतात. तसला अनुभव माझ्याकडे नाही. आहे तो याच्या उलटा. छापायचा तर हा छापा, नाहीतर त्या पानांवर रांगोळ्या छापा. निदान कुणाच्या उपयोगी पडतील.

माझी नेमणूक कधी झाली, बदल्या कुठे झाल्या, हे सगळं पेन्शनच्या कागदांत आहे. ज्याला हौस असेल त्याने ते वाचावेत. मी एकाच उन्हाळ्याबद्दल लिहिणार आहे. भोर संस्थान विलीन होऊन सात-आठ वर्षं झाली होती आणि मी बावीस वर्षांची होते. ती बावीस वर्षांची मुलगी आज माझ्यासमोर आली, तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक थोबाडीत. पांढरंफेक पातळ नेसून डोंगर चढायची. मनगटावर घड्याळ, ते बंद असलं तरी दर पाच मिनिटांनी बघायची. आणि परीक्षेत पहिली आले होते, हे कुणी विचारायच्या आत सांगायची.

काम होतं देवी काढण्याचं. हा रोग आता जगातूनच गेलाय, म्हणून नव्या वाचकांसाठी दोन शब्द. देवी आल्या की अंगभर टपोरे फोड उठत, ताप चढे. बरीच माणसं जात. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर खड्डे राहत, कुणाचा डोळा जाई. घरात आजार आलाय असं कुणी म्हणत नसे. ‘बाई आल्यात’ म्हणत, दाराला लिंबाचा डहाळा लावत, आणि घरात फोडणी बंद होई. देवी येऊ नयेत म्हणून जी लस टोचायची, त्याला म्हणायचं देवी काढणं. ही लस वासराच्या कातडीवर वाढवत आणि काचेच्या बारीक नळ्यांतून आमच्याकडे येई. दंडावर तिचा थेंब ठेवायचा, त्यावर दांडीला लावलेली दातेरी चकती टेकवायची आणि गर्रकन फिरवायची. आठव्या दिवशी तिथं मोत्यासारखा फोड आला, तर लस लागली. नाही आला, तर नाही लागली. तुमच्या आजीच्या दंडावर जे दोन वाटोळे व्रण आहेत ना, ते आमचे शिक्के.

हे होतं कसं, ते मी त्या काळी पाठ केलेलं होतं. कळलेलं नव्हतं. ते मला बयजाआईने शिकवलं.

तोरण्याच्या अंगावर, वेल्ह्यापासून दोन-अडीच तास चढून गेलं की एक धनगरवाडा होता. नऊ झोपड्या, म्हशींचा गोठा, शेळ्या, आणि सात कुत्री. बयजाआई त्या वाड्याची मोठी. नवरा गेलेला, चार मुलगे, चार सुना, आणि एक लेक ठकू, नदीकाठच्या गावी दिलेली. म्हातारीला शब्द खाली पडू द्यायची सवय नव्हती.

फाल्गुनात खालच्या गावांत देवी आल्याची बातमी आली आणि आम्हाला वर पाठवलं. आम्ही म्हणजे मी आणि दवाखान्याचे पट्टेवाले गणपतराव. त्यांनी देवी काढणाऱ्या तीन पिढ्यांबरोबर डोंगर तुडवला होता. भोरहून एसटीने कापूरहोळ, तिथून नसरापूर, पुढे वेल्ह्यापर्यंत मिळेल ती बैलगाडी, आणि मग पाय. निघताना त्यांनी एक मातीचं मडकं घेतलं, त्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि हात पुढे केला, “आना बाई नळ्या.”

मी मडक्याकडे पाहिलं. परीक्षेत पहिली आलेली मुलगी मडक्यात सरकारी लस ठेवेल?

“हे दगडात आपटलं तर?” मी म्हटलं. “नळ्या माझ्याजवळच सुरक्षित.”

आणि मी त्या नळ्या कापसात गुंडाळून पातळाच्या आत, कमरेला बांधलेल्या चंचीत ठेवल्या. लेकरू पोटाशी धरावं तशा. गणपतराव एवढंच म्हणाले, “आमच्या वेळंला मडक्यातच न्हेत व्हते,” आणि रिकामं मडकं घेऊन माझ्यामागून चालू लागले. वाटेत ओढा लागला की ते फडकं भिजवून घेत. मला हसू येई. रिकाम्या मडक्याला कसली थंडाई.

वाड्यावर पोचलो तर कुत्र्यांनी आमचं पातळ आणि धोतर दोन्ही धरलं. बयजाआईने एक शब्द टाकला तशी ती बसली.

“कोण गं तू?” ती म्हणाली.

“मी सरकारी नर्स आहे. देवी काढायला आलेय. मी परीक्षेत…”

“हिला बसायला घोंगडं द्या. घामानं निथळतीया.”

मी व्याख्यान दिलं. रोगजंतू, प्रतिकार, असे शब्द टाकले. बायका माझ्या घड्याळाकडे बघत होत्या. शेवटी म्हातारीने विचारलं, “म्हंजी वासराच्या अंगावरचा पू आमच्या दंडात घालनार?”

“पू नाही. लस.”

“नाव बदाललं म्हून वास बदलत न्हाई.” सुना हसल्या. मी लाल झाले.

तिढा सोडवला तो ठकूने. होळीला माहेरी आली होती. अठरा-एकोणीस वर्षांची, उंच, गोरीपान, नाकात मोरणी. तिने बाही वर केली. “आये, खाली आमच्या गावाच्या शेजारी बाई आल्यात. मला जायाचंय तितं. मला टोच गं बाई पयली. मला काय झालं न्हाई तर बाकीची देतील हात.”

म्हणजे वाड्यासाठी ती जामीन राहिली. मी तिला पहिली टोचली. मग सगळ्यांनी हात दिले, मुलंबाळं, पुरुष, सुना. बयजाआईने तेवढा दिला नाही. “धारंची येळ झाली,” म्हणाली आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. चौथ्या दिवशी ठकू सासरी गेली. आपल्याला आता देवीची भीती नाही, असं समजून गेली. ते मीच तिला सांगितलं होतं.

आठव्या दिवशी तपासायला वर गेले. एकाही दंडावर फोड नव्हता. साधी लालीसुद्धा नाही.

आता माझं पुढचं शहाणपण ऐका. आम्हाला शिकवलेलं असे की बायका भीतीपोटी लस पुसून टाकतात, लिंबाच्या रसाने, राखेने, शेणाने. काही ठिकाणी पुसतही. मी तिथंच उभं राहून सगळ्या वाड्याची हजेरी घेतली. तुम्ही पुसलीत. तुम्हाला मुलांच्या जिवाची पर्वा नाही. तुमच्यासाठी सरकार खर्च करतं, मी डोंगर चढते.

बयजाआईने मला पूर्ण बोलू दिलं. मग शांतपणे म्हणाली, “झालं का तुजं?”

“हो.”

“माज्या सुना चार. येकमेकीशी कशावर पटंना झालंय चार वर्सं. चुलीवरनं भांडत्यात, पान्यावरनं भांडत्यात. आन तुजी लस पुसायला सगळ्या गुमान येक झाल्या, व्हय? लेकरं बी त्येंच्यात? ती तान्ही, तिनं बी राख फासली आसंल.” तान्ही आईच्या कडेवर बोट चोखत होती. “आमी न्हाई पुसलं. तू काय आनलं व्हतंस ते तुजं तू बघ.”

मी तरीही ताठ. अन्याय झाल्यासारखा चेहरा करून वाट उतरू लागले. अर्ध्या वाटेत, ओढ्यापाशी, गणपतराव फडकं भिजवत खाली मान घालून म्हणाले, “बाई, रागावू नका. नळ्या कुठं व्हत्या तुमच्या?”

मी कमरेला हात लावला. भर उन्हात अडीच तास चढले होते. चंची घामाने चिंब झाली होती, अंग तापलेलं होतं. लस जिवंत असते, ती गारव्यात जगते आणि उबेत मरते, हे मी उत्तरपत्रिकेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि सबंध वाड्याची लस मी स्वतःच्या अंगाच्या उबेत मारली होती. जिवापाड जपून मारली होती.

एवढं कळल्यावर चांगल्या माणसाने काय करावं? माघारी वळावं, वर जावं, कबूल करावं. मी काय केलं? दोन दिवसांनी मडक्यातून ताजी लस घेऊन वर गेले आणि म्हटलं, “मागची लस वरूनच खराब आली होती.” गणपतरावांनी दुसरीकडे पाहिलं. ठकूची आठवण मला त्या दिवशी झाली नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. झाली होती. तिला निरोप पाठवला तर कारण सांगावं लागेल, म्हणून मी स्वतःला समजावलं की पुढच्या फेरीत बघू.

या खेपेला बयजाआईने स्वतः हात पुढे केला. “आता माजा बी घे. न्हाईतर म्हनशील म्हातारीनं फितूर केलं.”

टोचून झाल्यावर आम्ही अंगणात बसलो. एक कुत्र्याचं पिल्लू माझ्या चपलेशी खेळत होतं. म्हातारीने आत जाऊन एक कातड्याचा तुकडा आणला, काळ्या ठिपक्यांचा. नवऱ्याने कधीकाळी मारलेल्या वाघराचा. बिबट्याला तिकडे वाघरू म्हणतात. तिने तो तुकडा पिल्लाच्या नाकाशी नेला आणि स्वतः घशातून गुरगुरली. पिल्लू मागे सरलं, अंग फुगवलं आणि भुंकायला लागलं.

“हे कशाला?” मी विचारलं.

“म्हायती पडाया नगं? पयल्यांदा वाघरू आलं की कुत्रं बावचळतंय. हे कोन, काय करायचं, त्येला समजंस्तवर शेळी ग्येलेली आसतीया. येकदा वास डोसक्यात बसला की मग सुचतं.”

माझं व्याख्यान तिने एका तुकड्यात उरकलं होतं.

माणसाच्या अंगाचंही तेच आहे. अंगाला आपलं आणि परकं कळतं. पायात काटा मोडला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याभोवती ठणका लागतो, पू होतो. ती अंगाने काट्याची केलेली धरपकड असते. पण एखादा परका पहिल्यांदाच आला, तर तो ओळखून त्याच्यासाठी नेमकी माणसं तयार करायला अंगाला आठ-दहा दिवस लागतात, आणि देवीसारखा शत्रू तेवढे दिवस देतोच असं नाही. लस म्हणजे वाघराचं कातडं. वाघराच्याच जातीचं, पण न खाणारं. अंग ते हुंगतं, खवळतं, त्याचा फोड होतो, आणि वास लक्षात राहतो. पुढे खरं वाघरू आलं तर कुत्री तयार असतात. मी पहिल्या फेरीत जे हुंगवलं त्याला वासच उरला नव्हता.

आठव्या दिवशी वर गेले तर वाडाभर दंड सुजलेले, पोरं तापलेली, सुना कण्हत कामं करतायत. मला इतका आनंद झाला की विचारू नका. प्रत्येक दंडावर मोती होता. फक्त बयजाआईच्या दंडावर काही नव्हतं.

थोरली सून म्हणाली, “आत्यांनीच पुसलं म्हनायचं.” बाकीच्या खुदखुदल्या. म्हातारीने त्यांच्याकडे नजर टाकली आणि मग माझ्याकडे. मी काय म्हणते याची ती वाट बघत होती.

एकदा तोंड भाजलेली होते मी. मी खाली बसले आणि विचारलं, “आई, काहीच झालं नाही? पहिल्या दिवसापासून सांगा.”

“तिसऱ्या दिशी खाज सुटली. बारीक पुळी आली. पाचव्याला बसली बी.”

म्हणजे लस मेलेली नव्हती. आणि तिने पुसलीही नव्हती. अंगाने लस पाहिली आणि दोन दिवसांत निकालात काढली. ज्याला शत्रू नवा असतो त्याला आठ दिवस लागतात. ज्याला तो ठाऊक असतो तो तिसऱ्या दिवशीच उठतो. पण तिला देवी कधी आल्या नव्हत्या, चेहरा तर मोकळा होता. मी तिचे हात हातात घेतले. बोटांच्या पेरांवर, अंगठ्याच्या मुळाशी, वाटोळे पांढरे डाग होते. अगदी आमच्या शिक्क्यासारखे.

“हे कशाचे?”

“म्हशीचं. मागं म्हशींच्या सडांवर फोड आलं व्हतं. धार काढायला सुनांनी नकार दिला. मग म्याच काढली सगळी. माज्या हातावर बी आलं, ताप भरला, ग्येलं.”

लस वासराकडून येते हे ऐकून जिने मला फटकारलं होतं, तिला तिची लस म्हशीने आधीच टोचली होती. कुत्र्याने वाघराचा भाऊबंद पाहिलेला होता. त्याला कातडं दाखवून काय होणार, थोडं गुरगुरलं आणि झोपलं.

मी हे तिला सांगत होते तेवढ्यात खालून माणूस आला. तो अंगणाच्या कडेलाच थांबला. ठकूच्या सासरचा होता. ठकूला बाई आल्या होत्या. गावाबाहेरच्या मळ्यात छपरीत ठेवली होती, घरची माणसं जवळ जायला धजत नव्हती. नवरा भाकरी-पाणी लांबून ठेवत होता.

सुनांनी तोंडाला पदर लावले. थोरली माझ्याकडे वळली. “तिला तर तू टोचली व्हतीस.”

तेव्हा मी बोलले. लस वरून खराब आली नव्हती. मी मडकं नाकारलं, नळ्या कमरेला बांधल्या, माझ्या अंगाच्या उबेत लस मेली. तुम्ही पुसली नव्हतीत. ठकूला मी रिकाम्या हाताने खाली पाठवलं.

बयजाआईने पिल्लासमोर पडलेला कातड्याचा तुकडा उचलला आणि आढ्याला परत खोचला. तिला रडू आलं की राग आला ते मला कळलं नाही. तिने खांद्यावर घोंगडी टाकली.

“लेकीकडं जाते म्या. तू बी चल.”

“मी येते. पण वेल्ह्यात डॉक्टरसाहेब आहेत. ज्यांना लस लागलेली नाही, त्यांना मळ्याकडे सोडत नाहीत.”

“सोडत न्हाईत, व्हय? बघू.”

डॉक्टरसाहेबांनी चावडीत मुक्काम टाकला होता. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. माझ्या वहीत बयजाआईच्या नावापुढे ‘लागली नाही’ असं होतं. त्यांनी ते वाचलं.

“हिने पुसली असणार. पुन्हा टोचा आणि दहा दिवस घरी बसवा.”

“नाही साहेब,” मी म्हटलं. ‘नाही’ हा शब्द मी त्यांच्यासमोर पहिल्यांदा वापरला. माझाच आवाज मला परका वाटला. “पुसलेली नाही. तिला गरज नव्हती.” आणि मी म्हातारीचा हात धरून त्यांच्या टेबलावर ठेवला, डागांसकट. आधी माझ्या हातून मेलेली लस सांगितली, मग म्हशीचं सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशीची खाज सांगितली.

त्यांनी डाग पाहिले. “हे दुसऱ्या कशाचेही असू शकतात. तुमचा अंदाज चुकला तर ही बाई महिन्याभरात जाईल. एकदा चुकलात ना तुम्ही?”

खरं होतं.

बयजाआई म्हणाली, “सायेब, तुमी वहीत काय बी लिवा. लेक माजी हाय. तुमी सोडलं न्हाई तर म्या डोंगरावरनं उतरंल. तितली वाट तुमाला ठावं न्हाई.”

डॉक्टरांनी कागद माझ्याकडे सरकवला. “लिहून द्या. माझ्या हुकमाविरुद्ध, तुमच्या जबाबदारीवर.”

मी लिहून दिलं. नोकरीची काळजी मला तेव्हा वाटली असेल, पण आठवत नाही. आठवते ती सही करताना कमरेला जाणवलेली रिकामी चंची.

मळ्यातल्या छपरीत ठकूला मी ओळखलं ते मोरणीवरून. म्हातारीने आत जाताना एकदाही पाऊल आखडलं नाही. लेकीच्या उशाशी बसली, लिंबाच्या पाल्याने तिच्यावरच्या माश्या वारू लागली, आणि एवढंच म्हणाली, “ठके, म्या आले गं.” माझ्या दंडावर तीन वेळा काढलेल्या देवी होत्या, म्हणून मी आतबाहेर करू शकत होते. पाणी पाजणं, डोळे धुणं, कण्या भरवणं, दोघींनी मिळून केलं. रोज मी ठकूच्या आधी म्हातारीचं कपाळ बघायची. लागण झाली तर ताप बाराव्या दिवसाच्या आसपास चढतो, म्हणून त्या दिवसापासून तर ती शिंकली तरी मी हातातलं काम टाकून उठायची.

तेराव्या दिवशी तिने मला हटकलं. “सारकी काय बघतीयास माज्या थोबाडाकडं?”

“तुम्हाला ताप नाही ना?”

“आला तर सांगंन. तू आदी तुजी भाकरी खा. दोन दिस झालं तसंच फिरतीयास.”

“मी चुकले असले तर, आई?”

ती पाला वारत राहिली. “चुकलीस तर माज्या लेकीच्या बाबतीत चुकलीस. माज्या बाबतीत तू बराबर हायस. माजं आंग मला म्हायत हाय.”

मला माफ केलं, असं ती म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही. माफी मागितल्यावर ती मिळालीच पाहिजे, असं माझ्या पिढीतल्या शहाण्यांना वाटायचं. तिने मला माफी मागून सुटू दिलं नाही, आणि आज मला वाटतं तेच बरोबर होतं.

ठकू वाचली. खपल्या पडल्या तेव्हा चेहरा पूर्वीचा राहिला नव्हता आणि उजव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं होतं. म्हातारीच्या अंगावर एक पुळीही उठली नाही. तिने ओढ्यावर आंघोळ केली, घोंगडी धुऊन वाळत घातली, आणि चावडीत जाऊन डॉक्टरांसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. त्यांनी दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

मी वही उघडली. ‘लागली नाही’ खोडलं आणि लिहिलं, ‘आधीच लागलेली होती, म्हशीकडून.’ डॉक्टर म्हणाले, “असा रकाना नसतो.” मी म्हटलं, “आता आहे.” त्यांनी ते खोडलं नाही. वरच्या कचेरीने खोडलं, तांबड्या शाईने. पुढच्या वर्षी मी नव्या वहीत पुन्हा लिहिलं. माझ्या बदलीपर्यंत हे चाललं. कोण आधी दमलं ते मला माहीत आहे. मी नव्हे.

वाचकांना इथं थांबून म्हणावंसं वाटेल, किती छान, शेवटी सगळं ठीक झालं. ठीक झालं नाही. एका मुलीचा डोळा गेला, आणि तो देवीने जितका नेला तितकाच माझ्या कमरेच्या चंचीने नेला. मी नंतर हजारो दंड टोचले म्हणून तो परत आला नाही. हृद्य अनुभव मागणाऱ्यांनी हेही छापावं.

तीन-चार वर्षांनी वेल्ह्याच्या बाजाराच्या दिवशी मी चावडीसमोर झाडाखाली बसले होते. शेजारी गणपतराव आणि त्यांचं मडकं, फडकं ओलं. रांग लागली होती. रांगेच्या तोंडाशी एक उंच बाई येऊन उभी राहिली. कडेवर दोनेक वर्षांची मुलगी होती, गोरीपान. मी मान वर करायच्या आत मला मोरणी दिसली.

तिने मुलीचा हात पुढे केला नाही. मुलीला कडेवर सावरलं, वाकली, आणि स्वतःचा हात मनगटापर्यंत मडक्यात घातला. तसाच ठेवला. रांगेतल्या बायका बघत होत्या. मी हाताची घडी घालून बसले. तिचा चांगला डोळा माझ्यावर होता.

“गार हाय,” ती शेवटी म्हणाली. मग मुलीची बाही वर केली. “टोच.”

तिच्या मागच्या बाईनेही आधी मडक्यात हात घातला. तिच्या मागचीनेही. त्या खोऱ्यात मी पुढे जिथंजिथं गेले, तिथं बायका दंड द्यायच्या आधी मडकं चाचपायच्या. नवे डॉक्टर आले की त्यांना ते खपत नसे, लस घाण होईल म्हणत. मी त्यांना सांगायची, हात घालतील. नळ्या काचेच्या आहेत, लस आत बंद आहे. हात घातल्याशिवाय इथं कुणी दंड देणार नाही, आणि कुणी द्यावाही, असं मला वाटत नाही.